माझा लिनक्स आणि आईचा अर्ज

कॉम्प्युटर गेमिंगची मला आता किळस येते. कंटाळा वगैरे नाही, किळस. आणि हे मी कुणी बाहेरचा शहाणा म्हणून सांगत नाहीये. वरळीच्या बीडीडी चाळीत, कपाट आणि मोरी यांच्या मधल्या अडीच फुटांत टेबल ठोकून मी पंचवीस वर्षं गेम खेळलोय. कुणी आंघोळीला बसलं की कीबोर्डवर शिंतोडे उडायचे, ते बाहीने पुसून पुन्हा खेळलोय. तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

घाण सुरू होते ती हार्डवेअरपासून. मध्यंतरी लॅमिंग्टन रोडला गेलो होतो, नुसतं बघायला. दुकानात काचेचे डबे मांडलेले, आत रंगीबेरंगी लाइट. पंख्याला लाइट, रॅमला लाइट, अरे, कॉम्प्युटर आहे की वरातीचा घोडा? ग्राफिक कार्ड उचलून बघितलं तर इतकं जड, की बसवल्यावर त्याला खालून टेकू द्यावा लागतो. आमच्या चाळीच्या गॅलरीला पावसाळ्याआधी लावायचे, तसा टेकू! नवीन वस्तूला! एवढं करून ते कार्ड गेमची अर्धीच चित्रं खरी काढतं आणि मधली अंदाजाने मनची घालतं. दुधात पाणी ओतायचं आणि वर सांगायचं, बघा, दूध कसं वाढलं. रॅमचा भाव विचारला तर मला वाटलं तो अख्ख्या कॉम्प्युटरचा सांगतोय. सगळी मेमरी म्हणे एआयवाल्यांनी उचलली. दुकानदार मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "लेना है तो आज ले लो भाई, कल और बढेगा." मी म्हटलं, राहू दे बाबा, तूच ओढ ते तूप तुझ्या पोळीवर.

त्यात विंडोजची नवी आवृत्ती आली. माझं मशीन चांगलं धडधाकट होतं, एक दिवस आजारी पडलं नव्हतं. तिने ते तपासलं आणि सांगितलं, हे यंत्र पात्र नाही. आता, 'पात्र नाही' हे शब्द आमच्या चाळीतल्या माणसाला ऐकवू नयेत. पुनर्विकासाच्या यादीत आपलं नाव पात्र की अपात्र, या एका प्रश्नावर आमच्या घरांतली किती वर्षं गेली, किती झेरॉक्स निघाल्या, ते आमचं आम्हाला ठाऊक. माझं डोकंच फिरलं. विकत घेतलेलं मशीन माझं, वीजबिल माझं, आणि पात्रता तू ठरवणार? आपलीच मोरी आणि मुतायची चोरी! त्याच रविवारी मी विंडोज पुसून लिनक्स टाकला.

लिनक्स चांगला आहे, उगाच खोटं कशाला बोलू. फुकट आहे, हलका आहे, आणि माझ्याकडचे बहुतेक गेम त्याच्यावर विंडोजपेक्षाही गुण्यागोविंदाने चालले. वाईट आहेत ते लिनक्सवाले. इंटरनेटवर जाऊन विचारा, आवाज येत नाहीये, काय करू? पहिला सांगतो, तू चुकीचा लिनक्स घेतलास. दुसरा सांगतो, पहिल्याचं ऐकू नकोस, तो मूर्ख आहे. तिसरा सांगतो, माझ्याकडे तर व्यवस्थित येतो आवाज. अरे येतो तर ऐक ना बाबा, मला का सांगतोस? तीन दिवस मारामारी करून आवाज आला, आणि चौथ्या दिवसापासून मी स्वतःच तसा झालो. लोअर परळच्या ज्या ऑफिसात मी लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो, तिथल्या कँटीनमध्ये मी लिनक्सवर कीर्तन करायला लागलो. लोक ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचे.

आणि असं कीर्तन करणाऱ्याला शेवटी घरचा श्रोता लागतो. तो मला सापडला आईमध्ये.

आई महापालिकेच्या इस्पितळात आया होती. रिटायर झाली, गुडघे गेले, आणि चाळ रिकामी होऊन आम्ही नव्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर आलो. घर झकास आहे. मोरीच्या जागी बाथरूम आहे, खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते. पण गॅलरी नाही. आईची चाळीस वर्षं गॅलरीत गेली, तांदूळ निवडण्यात आणि समोरच्या मावशीशी बोलण्यात. ही मावशी सख्खी नव्हे, समोरच्या खोलीतली, पण सख्खीहून जवळची. चाळ सुटली तेव्हा मावशी लेकीकडे नागपूरला गेली. नव्या घरात आई पहिले दोन महिने दार उघडं टाकून बसायची. कोण येणार? चाळीतल्या बाकीच्या बायका याच टॉवरमध्ये, पण वरखाली पांगलेल्या. लिफ्ट वर जायची, खाली जायची. फोनवर दोघींचं पाच मिनिटांत बोलणं संपायचं, कारण नुसतं बोलायची सवयच नव्हती त्यांना. हाताला काहीतरी काम असलं की तोंड चालायचं.

म्हणून मी दोघींना एक शेतीचा गेम शिकवला. दोन माणसांनी मिळून एक शेत करायचं, पेरायचं, पाणी घालायचं, बाजारात विकायचं. आई माझ्या त्याच्याही आधीच्या, विंडोजवाल्या मशीनवर, मावशी नातवाच्या. कानाला हेडफोन. महिन्याभरात दोघी अशा रुळल्या की दुपारी जेवणं आटोपली की घरात त्यांचाच आवाज.

"अगं, तो नवलकोल काढ, सडेल."

"काढते गं. आधी सांग, धाकटीला बघायला आले होते, त्यांचं काय झालं?"

तो नवलकोल नव्हता, सलगम होता, पण मी कशाला बोलतोय? शेत आईच्या खात्यावर होतं, मावशी त्यात जोडलेली. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. लोकांच्या बांधावर राबलेली माणसं आम्ही. आई एकदा स्क्रीनवर बोट ठेवून मला म्हणाली, "हा इथपासून तिथपर्यंत माझा बांध." हसत म्हणाली, पण म्हणाली.

हे सगळं जुन्या विंडोजवर सुखाने चाललं होतं. मलाच खाज. जुन्या विंडोजला आता अपडेट मिळणार नाहीत, धोका आहे, असं सांगून मी आईच्या मशीनवरही लिनक्स टाकला. तिला विचारलंसुद्धा नाही. तिला फरक कळला नाही, कारण गेम चालू होता. चारेक महिने मी कँटीनमध्ये छाती काढून सांगत होतो, माझी आई लिनक्स वापरते!

मग कंपनीने गेममध्ये पहारेकरी आणला. म्हणजे चीटिंग पकडणारा एक प्रोग्रॅम. तो गेमबरोबर येतो आणि तुमच्या मशीनच्या पार तळाशी जाऊन बसतो, सगळं बघत. बाजारात काही लोकांनी खोटी नाणी आणून घोटाळे केले होते, त्यांना पकडायला. ठीक आहे, पकडा. पण हा पहारेकरी लिनक्सवर चालतच नाही. कंपनीने चालवायची तसदीच घेतली नाही. लिनक्सवाले मूठभर, त्यांच्यासाठी कोण डोकं लावतो? एका सकाळी आईच्या स्क्रीनवर आलं, या यंत्रावर खेळता येणार नाही.

सरळ उपाय एक तासाचा होता. जुना विंडोज परत टाकायचा, आईला पुन्हा खेळू द्यायचं. मी तो केला नाही. का? तर मी हरलो असं झालं असतं म्हणून. एवढंच कारण. शोधत बसलो आणि लिनक्सवाल्यांच्याच एका कट्ट्यावर एक जुगाड सापडला. त्याने मशीन पहारेकऱ्याला सांगतं, मी विंडोज आहे. मी तो आईच्या मशीनवर टाकला. गेम सुरू झाला. मी स्वतःची पाठ थोपटली आणि बाहेर जाऊन वडापाव खाल्ला.

अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी दुपारी आईने हाक मारली. स्क्रीनवर लाल पट्टी. तिला इंग्रजी येत नाही. इंग्रजीतलं काहीही घरात आलं की वाचून दाखवायचं काम माझं. मी वाचलं. फसवणुकीचे साधन आढळल्याने खाते कायमचे बंद करण्यात आले आहे.

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना वाटतंय, तू चीटिंग केलीस."

"मी?" आईचा हात माउसवरून खाली आला. "मला चोर म्हणतायत?"

शेत आईच्या खात्यावर असल्यामुळे मावशीलाही ते बंद झालं होतं. मावशीचा लगेच फोन, अगं, शेत दिसत नाही! आईने तिला सांगितलं, मला काढलंय, चोर म्हणून. इस्पितळात तीस वर्षं पेशंटच्या उशाखालच्या पाकिटांना, बांगड्यांना हात न लावलेली बाई ती. एकदा कुणाचं मंगळसूत्र हरवलं होतं तेव्हा सगळ्या आयांची झडती झाली, ते ती अजून विसरलेली नाही.

संध्याकाळी ती मला म्हणाली, "तू काही केलं नाहीस ना रे?"

"नाही गं," मी म्हटलं. लगेच. विचारही न करता. दर रविवारी विहारात तिच्याशेजारी बसून मी खोटं न बोलण्याचं शील घेतो, मोठ्याने, सगळ्यांबरोबर.

मग आईने चाळीतल्या माणसाला जे येतं ते केलं. अर्ज लिहिला. आम्हाला आयुष्यात जे मिळालं ते अर्ज करून मिळालं. खोली वडिलांच्या नावावरून तिच्या नावावर झाली ती अर्जाने, आणि हा टॉवर मिळाला तोही अर्जांच्या थप्प्या लावून. तिने रेघांचा कागद घेतला. प्रति, माननीय व्यवस्थापक साहेब. विषय: शेत परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये. खाली सोबत जोडलेली कागदपत्रे: चाळीच्या खोलीची पावती, रेशनकार्ड, रिटायर झाल्याचं पत्र, सगळ्यांवर सत्यप्रत म्हणून सही. गेमच्या कंपनीला रेशनकार्ड! मला हसू यायला हवं होतं. पण शेवटचं वाक्य होतं, "मी शपथेवर लिहून देते की मी अथवा माझ्या घरातील कोणीही कोणतीही लबाडी केलेली नाही." ते वाक्य इंग्रजीत करायला मला पाच मिनिटं लागली, आणि शब्द अवघड होते म्हणून नाही. केलं आणि पाठवलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. तपासणी केली आहे, यंत्राची खरी ओळख लपवणारे साधन सापडले आहे, निर्णय अंतिम आहे.

"काय म्हणतात?" आईने विचारलं.

"बघतायत. वेळ लागेल म्हणतात."

एकदा खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं, त्याला काही कष्ट पडत नाहीत. त्या दिवसांत मी कंपनीला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. ऑफिसात, घरात, इंटरनेटवर. पहारेकऱ्याला शिव्या, नव्या हार्डवेअरला शिव्या, विंडोजला शिव्या. चोराच्या उलट्या बोंबा त्या. आईला मात्र वाटत होतं, पोरगा माझ्यासाठी भांडतोय.

वेळ लागतोय म्हटल्यावर आईने पुढची पायरी गाठली. पाठपुरावा. एका शनिवारी जेवून उठलो तर तिने माझ्यासमोर एक फुलस्केप कागद ठेवला. वर तिच्या अक्षरात लिहिलेलं, "आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला लिहून देतो की सदर बाई आमच्यात चाळीस वर्षे राहत असून तिने कधी कुणाची काडीही उचललेली नाही." खाली महिला मंडळाच्या सव्वीस सह्या आणि एक अंगठा. दुखऱ्या गुडघ्यांनी ती चार दिवस मजल्यामजल्यावर फिरली होती.

"हे पण इंग्रजीत कर," ती म्हणाली. "एकटीचं नाही ऐकत, सगळ्यांचं तरी ऐकतील."

मी तो कागद बघत राहिलो. मला स्वतःची शिसारी आली. तो अंगठा आमच्या जुन्या मजल्यावरच्या म्हातारीचा होता, आम्ही तिला सगळे आजी म्हणतो. शाई बाजूला पसरलेली.

"आई, मी केलंय ते," मी म्हटलं.

"काय केलंस?"

सांगितलं. लिनक्स, पहारेकरी, जुगाड, उत्तरात काय होतं, सगळं. तिला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही असं मी समजत होतो. तिला दोन मिनिटांत कळलं.

"म्हणजे दारावर पहारा होता, आणि तू मला खोटं ओळखपत्र गळ्यात घालून आत सोडलंस."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"मग ते मला चोर म्हणाले ते खरंच होतं की."

"तू नाही गं, मी..."

"नाव माझं होतं ना तिथे?" ती ओरडली नाही. ओरडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी जेवलो असतो त्या रात्री. तिने कागदाचे कोपरे सरळ केले, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "चप्पल घाल."

आम्ही सत्तावीस दारांत गेलो. प्रत्येक दारात आईने स्वतः सांगितलं, "मी तुझ्याकडून खोट्यावर सही घेतली. माझ्या घरातच लबाडी झाली होती. तुझी सही खोडून दे." मी मागे उभा. बायका हसायच्या. "अगं जाऊ दे ना, गेमच तर आहे! पोरं करतात असलं." आई म्हणायची, "पोरं चाळिशीला आली की पोरं नसतात. खोड." आणि त्या खोडायच्या, माझ्याकडे न बघता. एकीने चहाला बसा म्हटलं, आई बसली नाही. शेवटी आजीचं घर. आजीने कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "अंगठा कसा खोडायचा गं?"

आईने पेन माझ्या हातात दिलं. "तू खोड."

मी त्या अंगठ्यावर रेघ मारली. आजी माझ्या हाताकडे बघत होती. लहानपणी खोलीला कुलूप असलं की मी तिच्याकडे जेवायचो.

घरी येऊन आईने मावशीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यापुढे धरला. मी सांगितलं. मावशी म्हणाली, "बरं. म्हणजे शेत आता गेलं."

"गेलं," आई म्हणाली.

"मी भोपळे लावले होते गं या वेळी."

मी दुसऱ्याच आठवड्यात नवीन मशीन आणलं. ज्या दुकानात नाक मुरडलं होतं त्याच दुकानात नाक मुठीत धरून गेलो, आणि रॅमला लाइट नसलेलं त्याच्याकडे नव्हतंच. नवीन विंडोज, पात्र मशीन, सगळं कायदेशीर. आईला म्हटलं, नवीन खातं काढू, नवीन शेत करू. तिने त्या लाल-हिरव्या झगमगाटाकडे बघितलं, जुनं पातळ आणून त्याच्यावर टाकलं आणि म्हणाली, "तुला हवं तर खेळ. माझं होतं ते झालं." मी एकदा बसलो त्याच्यासमोर. सुरू होता होता त्याने मला सात जाहिराती दाखवल्या, तीनदा खातं उघडायला लावलं, आणि गेम उतरवायला पाच तास लागतील म्हणून सांगितलं. शी! पण आता शिव्या घालायलाही तोंड राहिलं नाही. बंद केलं. आता दुपारी आई आणि मावशी फोनवर बोलतात, पाच-सात मिनिटं. मग आई झोपते.

माझ्याशी ती नीट वागते. जेवायला वाढते, ऑफिसचं विचारते. बाहेरच्या माणसाला वाटेल काहीच झालेलं नाही. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

परवा तिला गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे घेऊन गेलो. नवीन गोळ्या दिल्या. घरी आल्यावर तिने नेहमीसारखी चिठ्ठी माझ्याकडे दिली आणि मी वाचून दाखवली. ही पांढरी सकाळी जेवणानंतर, ही पिवळी रात्री, आणि ही दुखलं तरच, रोज नाही. ती मान हलवत ऐकत होती. माझं वाचून झाल्यावर तिने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, चष्मा लावून ती न कळणारी अक्षरं वरपासून खालपर्यंत बघितली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि भिंतीला धरून चपला घालायला लागली.

"आता कुठे निघालीस?" मी विचारलं. "गुडघा दुखतोय ना?"

"खाली," ती म्हणाली. "मेडिकलवाल्याकडून एकदा वाचून घेते."